फुटपाथ, रोजी आणि अनुच्छेद २१ : ओल्गा टेलिस खटल्याचा प्रकरण अभ्यास

तमिळनाडूतल्या सेलमचा एक भूमिहीन मजूर १९६१ मध्ये मुंबईत आला. दुष्काळामुळे गावात हाताला काम उरलं नव्हतं. दहिसरच्या एका केमिकल कंपनीत तो २३ रुपये रोजावर लागला. पश्चिम द्रुतगती महामार्गाच्या फुटपाथवर प्लास्टिक आणि कॅनव्हासचा आडोसा मिळाला, पण त्यासाठी तिथल्या झोपडीदादाने त्याच्याकडून २,५०० रुपये उकळले. म्हणजे जवळजवळ एकशे नऊ दिवसांची पूर्ण मजुरी. त्या आडोशात तो, त्याची बायको आणि १६, १३ आणि ५ वर्षांच्या तीन मुली राहत होत्या.

दुसरा माणूस आपल्या संगमनेरचा. चांभारकाम करायचा, दिवसाला सात-आठ रुपये सुटायचे. गावातलं घर पडलं आणि १९६९ मध्ये त्याने मुंबई गाठली. महिना ३५० रुपयांवर बदली कामगार म्हणून काम मिळालं. तुळशीवाडीच्या फुटपाथवर जागा मिळवायला तिथल्या गुंडाला ३०० रुपये द्यावे लागले, आणि बांबू व प्लास्टिकला ७०० रुपये लागले.

हे सगळे आकडे सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रातले आहेत. १० जुलै १९८५ चा हा निकाल. संविधानाच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात तो 'जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो' या एका वाक्यापुरता शिकवला जातो, परीक्षेत तेवढंच लिहिलं जातं आणि गुणही मिळतात. मी मुंबईत वकिली करते आणि घर तुटायची वेळ आलेली माणसं माझ्याकडे येतात, त्यामुळे मला हा निकाल शेवटच्या पानापर्यंत वाचावा लागतो. त्या एका वाक्याने काय दिलं आणि शेवटच्या पानाने काय काढून घेतलं, ते इथे सविस्तर मांडते.

जुलै १९८१

१३ जुलै १९८१ रोजी मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी जाहीर केलं की मुंबईतल्या फुटपाथांवर राहणाऱ्या सगळ्यांना जबरदस्तीने हटवून त्यांच्या मूळ गावी किंवा मुंबईबाहेर पाठवलं जाईल. महापालिकेला लागेल ती मदत द्या, असा आदेश पोलिस आयुक्तांना गेला. कारण सांगितलं गेलं ते काळजीचं होतं : हे जगणं अमानुष आहे, झोपड्या तकलादू आहेत, पावसाळ्यात ही माणसं राहणार कशी. वर्तमानपत्रांनी ही घोषणा ठळक छापली. तोडकाम सुरू झालं तेही पावसाळ्यातच.

दहा दिवसांनी, २३ जुलैला, महापालिकेच्या माणसांनी सेलमच्या मजुराचा आडोसा मोडला. त्याला, बायकोला आणि मुलींना सेलमच्या बसमध्ये बसवलं गेलं. बायको-मुली तिथेच राहिल्या. तो मात्र काम शोधत मुंबईला परतला आणि पुन्हा एका फुटपाथवर जागा धरून राहिला. संगमनेरच्या माणसाची झोपडी तर त्याआधीच, जानेवारी १९८० मध्ये, तोडली होती आणि त्याने ती पुन्हा उभी केली होती. पालिकेची गाडी आली की सामान उचलून आडगल्लीत जायचं, गाडी गेली की परत यायचं. न्यायालयाने याला लपंडावाची उपमा दिली आहे. माणसं त्याच जागी का परततात याचं उत्तरही त्याच परिच्छेदात आहे : काम तिथून जवळ आहे म्हणून.

या दोघांच्या जोडीला तिसऱ्या याचिकाकर्त्या होत्या पत्रकार ओल्गा टेलिस. खटला त्यांच्या नावाने ओळखला जातो. अनुच्छेद ३२ खाली त्यांनी थेट सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. मूलभूत हक्काला बाधा आली तर सर्वोच्च न्यायालयाकडे जाणं हाच मुळात एक मूलभूत हक्क आहे, ही आपल्या संविधानाची मोठी गोष्ट. तिथे पोहोचायला कुणीतरी ओळखीचं, लिहितं-बोलतं माणूस सोबत लागतं, हेही या याचिकेवरून दिसतं.

दुसऱ्या याचिकेत बारा जण होते. त्यातले पाच महामार्गालगतच्या कामराज नगरचे, चार माहीमला तुळशी पाइप रोडलगत राहणारे, आणि त्यांच्यासोबत नागरी स्वातंत्र्यासाठी काम करणाऱ्या दोन संघटना आणि आणखी एक पत्रकार. कामराज नगरबद्दल याचिकेत एक तपशील आहे जो मी कधी विसरत नाही. ही वस्ती साधारण १९६० मध्ये उभी केली ती महामार्गालगत पाण्याचे पाइप टाकणाऱ्या कंपनीच्या कामगारांनी. पुढे पाचशेहून अधिक झोपड्या झाल्या. राहणारे कोण, तर महापालिकेचे कर्मचारी, कारखान्यातले आणि हॉटेलातले कामगार, बांधकामावरचे सुपरवायझर. तुळशी पाइप रोड हे नावही पाण्याच्याच पाइपवरून पडलेलं, आज त्याला आपण सेनापती बापट मार्ग म्हणतो. शहराला पाणी पोहोचवणाऱ्या कामातून जी वस्ती उभी राहिली आणि जिथे पालिकेची स्वतःची माणसं राहत होती, तिच्यावरच पालिकेची गाडी चालून आली होती.

मुंबईत दिलेली कबुली

दुसऱ्या याचिकेतले हे लोक आधी मुंबई उच्च न्यायालयात गेले होते. तिथे २१ जुलैपर्यंत अंतरिम मनाई मिळाली, आणि त्या दिवशी सरकार-पालिकेने मान्य केलं की १५ ऑक्टोबर १९८१ पर्यंत झोपड्या तोडणार नाही. तरीही २३ जुलैला आपल्याला एसटीच्या गाड्यांमध्ये कोंबून मुंबईबाहेर नेलं, असा याचिकाकर्त्यांचा आरोप होता. या प्रवासात दोन बाळं जन्माला आली आणि दोन जीव गेले, असं निकालपत्र एका वाक्यात सांगतं आणि पुढे जातं. मी दर वेळी त्या वाक्याशी थांबते. दोन आले, दोन गेले अशी वजाबाकी त्या वाक्यात आहे आणि ती मला आजही सहन होत नाही.

उच्च न्यायालयात याचिकाकर्त्यांच्या वकिलांनी एक कबुली दिली होती : फुटपाथवर झोपडी बांधण्याचा मूलभूत हक्क आम्ही सांगत नाही, आणि १५ ऑक्टोबरनंतर तोडायला आडकाठी करणार नाही. दिल्लीत पालिकेने हीच कबुली पुढे केली. तिथे एक बोललात, आता इथे दुसरं बोलता येणार नाही, असा त्यांचा मुद्दा होता. दोन व्यक्तींमधल्या व्यवहारात हा मुद्दा चालतो. मी शब्द दिला, तुम्ही त्यावर विसंबून काही केलं, तर मला मागे फिरता येत नाही.

पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने हा मुद्दा साफ फेटाळला. सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांनी निकाल लिहिला, आणि मुर्तझा फझल अली, तुळजापूरकर, चिन्नप्पा रेड्डी आणि वरदराजन हे सोबतचे न्यायाधीश. त्यांचं म्हणणं असं की मूलभूत हक्क एकट्या माणसाच्या सोयीसाठी दिलेले नाहीत. त्यामागे साऱ्या समाजाचं हित आहे, म्हणून ते कुणालाही सोडून देता येत नाहीत किंवा त्यांचा सौदा करता येत नाही. अज्ञानाने, घाबरून किंवा वकिलाच्या चुकीने कुणी कबुली दिली तरी संविधानाविरुद्ध ती बांधत नाही.

या भागाकडे फारसं कुणी बघत नाही, पण रोजच्या कामात मला सगळ्यात उपयोगी पडतो तो हाच. वॉर्ड ऑफिसमध्ये अंगठा उमटवलेला, 'मी स्वखुशीने जागा सोडत आहे' असं छापलेला कागद घेऊन माणसं येतात. कागद दिला गेला की सगळं संपलं, असं त्यांना वाटतं. तसं नाही, हे त्यांना सांगायला १९८५ चा हा निकाल हाताशी असतो.

पोट आणि अंतर

आता मूळ प्रश्न. अनुच्छेद २१ म्हणतो की कायद्याने ठरवलेल्या कार्यपद्धतीखेरीज कुणाचंही जीवित किंवा व्यक्तिगत स्वातंत्र्य हिरावून घेता येणार नाही. त्यात 'उपजीविका' हा शब्द नाही. १९६० मध्ये, वकिलांना अशिलं मिळवून देणाऱ्या एका दलालाच्या प्रकरणात, याच न्यायालयाने सांगितलं होतं की 'जीवित' या शब्दात उपजीविका येत नाही. उपजीविकेची गोष्ट संविधानात येते ती चौथ्या भागात, मार्गदर्शक तत्त्वांमध्ये. अनुच्छेद ३९ (क) नुसार राज्याने असं धोरण आखावं की सर्व नागरिकांना उपजीविकेचं पुरेसं साधन मिळवण्याचा हक्क राहील, आणि अनुच्छेद ४१ मध्ये कामाचा हक्क आहे. पण मार्गदर्शक तत्त्वांवर न्यायालयात दावा लावता येत नाही. त्यामुळे पालिकेचा पवित्रा सोपा होता : पोटाचा प्रश्न सरकारच्या धोरणाचा, न्यायालयाचा नव्हे.

मधल्या काळात १९७८ चा मनेका गांधी निकाल झाला होता. कार्यपद्धती कायद्यात लिहिलेली असली एवढ्याने भागत नाही, ती न्याय्य, रास्त आणि वाजवी असली पाहिजे, हे तिथे ठरलं. त्याआधी, आणीबाणीत १९७६ मध्ये, याच न्यायालयाने म्हटलं होतं की अनुच्छेद २१ स्थगित असताना स्थानबद्धाला न्यायालयात दाद मागता येणार नाही. त्या बहुमतात चंद्रचूडही होते, आणि विरोधात एकटे न्यायमूर्ती हंसराज खन्ना. नऊ वर्षांनी त्याच अनुच्छेदाचा अर्थ रुंद करणारा हा निकाल चंद्रचूडांनी निवृत्तीच्या आदल्या दिवशी दिला. माणसाच्या मनात काय होतं ते सांगता येत नाही, पण ही दोन निकालपत्रं मी शेजारी ठेवून वाचते.

याचिकाकर्त्यांची बाजू इंदिरा जयसिंग, राम जेठमलानी आणि वि. म. तारकुंडे यांनी मांडली. मांडणीत एक शहाणपण होतं : फुटपाथवर आमचा हक्क आहे असं ते म्हणालेच नाहीत. आम्हाला जगायचा हक्क आहे, जगायला काम लागतं, काम मुंबईत आहे, आणि कामाच्या जवळ राहिल्याशिवाय ते टिकत नाही, एवढंच त्यांचं म्हणणं.

न्यायालयाने ही साखळी कडी-कडीने स्वीकारली. जगण्याच्या साधनाशिवाय कुणी जगू शकत नाही. उपजीविका जीविताच्या हक्कात धरली नाही, तर माणसाचा जगण्याचा हक्क काढून घेण्याचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे त्याची उपजीविका काढून घेणं. मार्गदर्शक तत्त्वं दावा लावून बजावून घेता येत नसली, तरी मूलभूत हक्काचा अर्थ लावताना ती बाजूला ठेवता येत नाहीत. राज्य प्रत्येकाला काम द्यायला बांधील नाही, पण ज्याची रोजी हिरावली जाते, तो कायद्याने ठरलेली रास्त कार्यपद्धती पाळली नाही म्हणून दाद मागू शकतो.

आणि मग निकालपत्रातली, माझ्या मते, सर्वांत महत्त्वाची कडी येते. माणसं फुटपाथ निवडतात तो कामाच्या जवळचा. लांबून ये-जा करायचा वेळ आणि भाडं त्यांना झेपत नाही. फुटपाथ गेला की काम गेलं. म्हणून या लोकांना हटवलं तर त्यांची उपजीविका जाईल, आणि पर्यायाने जीवितही.

इथे न्यायालयाने घराचा प्रश्न चौरस फुटांमध्ये मोजला नाही, अंतरात मोजला. दुसऱ्यांच्या घरी धुणीभांडी करणारी बाई पहाटे पाचला एका घरी, सातला दुसऱ्या घरी जाते, मध्ये येऊन मुलांना चहा-पाव देऊन शाळेत पाठवते. तिला दोन तासांच्या अंतरावर पक्कं घर दिलं, तर पहिलं घर सुटतं, दुसरंही सुटतं, आणि शाळेचा प्रश्न वेगळाच. हे सांगायला घटनापीठ लागू नये. पण संविधानाच्या भाषेत हे लिहिलं गेलं ते पहिल्यांदा इथे.

कलम ३१४

पालिकेचा आधार होता मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८, कलम ३१४. रस्त्यावर किंवा फुटपाथवर उभारलेलं बांधकाम आयुक्त 'नोटीस न देता' काढून टाकू शकतात, असं ते कलम म्हणतं. हे कलमच रद्द करा, अशी याचिकाकर्त्यांची मागणी होती.

कलम रद्द झालं नाही. न्यायालय म्हणालं की कलमात 'शकतात' आहे, 'नोटीस न देताच काढलं पाहिजे' असं नाही. नोटीस न देण्याची मुभा ही अपवादाची, तातडीच्या प्रसंगापुरती. एरवी नोटीस द्यायची, म्हणणं ऐकायचं, हाच नियम. पालिकेचे वकील के. के. सिंघवी यांनी विचारलं की या अतिक्रमण करणाऱ्यांकडे उत्तरच नाही, तर ऐकून फायदा काय? त्यावर न्यायालयाने सांगितलं की उत्तर असणारच नाही असं आधीच गृहीत धरणं हे सुनावणीच्या तत्त्वाच्या उलट आहे. ज्याचं काही जाणार आहे, त्याला 'का' असं विचारता येणं आणि त्याच्याशी माणूस म्हणून बोललं जाणं यालाच स्वतंत्र मोल आहे, मग निर्णय काहीही होवो.

याच भागात दुसरी एक मोठी गोष्ट आहे. फुटपाथवर राहणाऱ्यांना सरकारी बाजूने गुन्हेगारासारखं रंगवलं होतं. न्यायालयाने म्हटलं की ही माणसं कुणाला त्रास द्यायला, धमकवायला किंवा गुन्हा करायला तिथे गेलेली नाहीत. परिस्थितीने ढकललं म्हणून ती तिथे आहेत, त्यात निवड नाही.

इथपर्यंत वाचलं की वाटतं, खटला जिंकला.

ऐकलं, आणि मग

नोटीस दिली नव्हती, सुनावणी झाली नव्हती. मग आता आयुक्तांनी सुनावणी घ्यावी, असा आदेश यायला हवा होता. न्यायालयाने स्वतःच लिहिलं की एरवी आम्ही तसंच केलं असतं. पण आयुक्तांनी नाकारलेली संधी आम्हीच याचिकाकर्त्यांना भरपूर दिली आहे, दोन्ही बाजूंचं आम्ही सविस्तर ऐकलं आहे, आणि आमच्या मते फुटपाथावरची अतिक्रमणं काढण्याचा आयुक्तांचा निर्णय योग्य होता. फुटपाथ चालणाऱ्यांसाठी आहेत, ते खाजगी वापरासाठी अडवायचा हक्क कुणाला नाही.

मला हे कधीच पटलेलं नाही. दिल्लीतल्या दालनात वकिलांनी कायद्यावर केलेला युक्तिवाद आणि वॉर्ड ऑफिसरसमोर एका माणसाने मांडलेली स्वतःची अडचण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या ठिकाणी माणूस सांगू शकतो की माझी मुलगी दहावीला आहे, मार्चपर्यंत थांबा. पलीकडे भिंतीलगत चार फूट रिकामी जागा आहे, चालणाऱ्यांना त्रास होणार नाही, तिथे सरकतो. १९७६ च्या सरकारी झोपडी-गणनेत माझी नोंद झाली होती, हा कागद बघा. सुनावणीचं खरं काम हे असतं. शिवाय याचिकेत नसलेल्या लाखो लोकांना तर कुणीच ऐकलं नव्हतं.

शेवटच्या पानावरचे आदेश असे आहेत. १९७६ च्या गणनेत ज्यांची नोंद झाली त्या फुटपाथवासीयांना मालवणीला किंवा सरकारला योग्य वाटेल अशा, पण त्याहून लांब नसलेल्या, ठिकाणी पर्यायी जागा द्यावी. मात्र ही जागा देणं ही त्यांना हटवण्याची पूर्वअट नाही. १९७६ मध्ये ज्यांना ओळखपत्रं दिली आणि ज्यांच्या झोपड्यांवर नंबर पडले, त्या झोपडपट्टीवासीयांना पर्यायी जागा दिलीच पाहिजे. वीसेक वर्षं जुन्या, सुधारणा झालेल्या वस्त्या सार्वजनिक कामासाठी जमीन लागल्याशिवाय हटवू नयेत, आणि लागली तर पर्याय द्यावा. जागतिक बँकेच्या मदतीने होऊ घातलेली अल्प उत्पन्न गटाची घरबांधणी आणि झोपडपट्टी सुधारणेचा कार्यक्रम नेटाने राबवावा. पावसाळा संपून एक महिना होईपर्यंत, म्हणजे ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, काही हटवू नये.

'पूर्वअट नाही' हे शब्द नीट वाचायला हवेत. आधी हटवा, जागा नंतर बघू, असा त्याचा प्रत्यक्षातला अर्थ. आणि मालवणी म्हणजे मालाडच्या पश्चिमेचं, पार खाडीकडचं टोक. तुळशीवाडी किंवा भायखळ्याच्या फुटपाथवरून दादर-परळला कामावर जाणाऱ्या माणसाला मालवणी देणं म्हणजे नेमकं ते अंतर देणं, ज्यामुळे काम जातं असं न्यायालयाने काही पानं आधी स्वतः लिहिलं होतं. 'फुटपाथ गेला की काम गेलं' हे कारणमीमांसेत आलं, आदेशात त्याची कुठलीच खूण राहिली नाही. माझ्या मते या खटल्याचं अपयश इथे आहे. हक्काच्या व्याख्येत अंतर होतं, उपायात ते गळून पडलं.

असं का झालं असावं, याचा एक धागा निकालपत्राच्या पहिल्याच परिच्छेदात आहे. तिथे फुटपाथवरच्या जगण्याचं चित्र आहे : पिसाळलेली कुत्री, उंदरांमागे लागलेल्या मांजरी, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या नजरेसमोर अंघोळ करणाऱ्या वयात आलेल्या मुली, एकमेकींच्या डोक्यातल्या उवा काढणाऱ्या बायका, भीक मागणारी पोरं, आणि कामधंदा नसल्यामुळे साखळ्या ओढणारे पुरुष. लिहिणाऱ्याच्या मनात कणव होती हे उघड आहे. पण ज्या दोन माणसांची ही याचिका, त्यातला एक रोज केमिकल कंपनीत जात होता आणि दुसरा बदली कामगार होता. साऱ्या खटल्याचा पाया ते काम करतात हा होता. पहिल्या परिच्छेदातली माणसं दयेची धनी आहेत, कामावर जाणारी नाहीत. दयेच्या माणसाला मालवणी चालते, कामाला जाणाऱ्याला चालत नाही.

नंतर

३१ ऑक्टोबरची तारीख डोक्यावर असताना, १९८५ मध्येच, 'स्पार्क' या संस्थेने भायखळा परिसरातल्या फुटपाथांवर फिरून सुमारे सहा हजार कुटुंबांची पाहणी केली. जवळजवळ सत्तावीस हजार माणसं. सरकारी यादीत नसलेली माणसं आधी मोजली गेली पाहिजेत, हा त्यामागचा विचार होता. पुढच्या वर्षी याच बायकांमधून 'महिला मिलन' उभं राहिलं. बचत, घराचे नकाशे, सरकारी कार्यालयातली बोलणी, सगळं त्या शिकल्या. न्यायालयाने न दिलेली बरीच गोष्ट त्यांनी अनेक वर्षं खपून मिळवली.

कायद्याच्या वाटेवर मात्र '१९७६ ची गणना' हा या निकालातला तपशील वाढत गेला. महाराष्ट्रात पुनर्वसन म्हणजे तुम्ही कुठल्या तारखेआधीपासून राहता, या तारखेचा खेळ झाला : १ जानेवारी १९९५, मग १ जानेवारी २०००, पुढे पैसे भरून २०११ पर्यंत. वस्त्यांमध्ये 'पात्र' आणि 'अपात्र' हे शब्द आता मुलांच्याही तोंडी असतात. 'आमी अपात्र हाये' असं एक आठ-नऊ वर्षांचा मुलगा मला आपली ओळख करून देताना म्हणाला होता.

न्यायालयांची भाषाही एकसारखी राहिली नाही. १९९६ मध्ये अहमदाबाद महापालिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अतिक्रमण काढण्याआधी दहा दिवस ते दोन आठवड्यांची नोटीस रास्त मानली. २००० मध्ये दिल्लीच्या कचऱ्याच्या प्रकरणात याच न्यायालयाने अतिक्रमण करणाऱ्याला फुकट पर्यायी जागा देणं म्हणजे पाकीटमाराला बक्षीस देणं, असं म्हटलं. १९८५ च्या घटनापीठाने 'यात निवड नाही' असं ज्यांच्याबद्दल लिहिलं, त्याच माणसांबद्दल पंधरा वर्षांनी हे शब्द आले. मला ते वाचून राग आला होता, अजूनही येतो.

१३ नोव्हेंबर २०२४ रोजी न्यायमूर्ती भूषण गवई आणि के. व्ही. विश्वनाथन यांनी बुलडोझरच्या कारवायांवर निकाल दिला. पंधरा दिवसांची नोटीस, ती बांधकामावर चिकटवणं, प्रत्यक्ष सुनावणी, कारणांसह आदेश, तोडकामाचं चित्रीकरण, आणि नियम मोडणाऱ्या अधिकाऱ्याची वैयक्तिक जबाबदारी. घर म्हणजे कुटुंबाच्या कित्येक वर्षांच्या धडपडीचं फळ, ही जाणीव त्यात आहे आणि तो निकाल मला मनापासून आवडतो. पण त्यातच एक अपवाद आहे : रस्ता, गल्ली, फुटपाथ, रेल्वेलगतची जागा, नदी किंवा पाणवठा यांवरच्या अनधिकृत बांधकामांना हे निर्देश लागू नाहीत. म्हणजे फुटपाथवरच्या माणसाला आजही १९८५ च्याच निकालाचा आणि कलम ३१४ मधल्या 'शकतात' या शब्दाचाच आधार घ्यावा लागतो.

मागच्या पावसाळ्याआधी एक बाई आली होती. ब्लाउजमधून प्लास्टिकची पिशवी काढली, तिच्यात आणखी एक पिशवी, तिच्यात रेशनकार्ड, आधार, मुलाचा शाळेचा दाखला, आणि घडीवर फाटलेली पंचनाम्याची झेरॉक्स. 'म्याडम, गाडी येणार म्हणतेत. नोटीस नाय दिली.' मी वॉर्ड ऑफिसला द्यायचा अर्ज लिहायला घेतला. तिने सवयीने राहण्याचा पत्ता सांगायला सुरुवात केली, अमक्या पुलाखाली, तमक्या गेटसमोर. मी तिला थांबवलं आणि आधी कामाची घरं विचारली. चार इमारती, चौघींची नावं, किती वाजता कुठे, चालत किती मिनिटं. पहिल्या घरी सहा मिनिटं लागतात, म्हणाली. अर्जातल्या पहिल्या परिच्छेदात मी ते लिहिलं, राहण्याचा पत्ता दुसऱ्यात.